एक संगणक, दोन हिशेब : पायथनची मांडणी आणि आभासी परिसर

पेण शहरात आणि लगतच्या हमरापूर, जोहे परिसरात श्रावण लागला की गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील वहीला उसंत राहत नाही. कोणत्या व्यापाऱ्याने किती मूर्ती नोंदवल्या, कोणती किती इंचांची, शाडूची किती आणि प्लॅस्टरची किती, आगाऊ रक्कम किती आली आणि टेम्पो कोणत्या दिवशी सुटणार, हे सारे त्या चार-सहा आठवड्यांत बिनचूक सांभाळावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाबाबत सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर कोणत्या साहित्याची मूर्ती कोणाला दिली, या नोंदीचे महत्त्व अधिकच वाढले. वहीची जागा आता अनेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे, आणि घरातील महाविद्यालयीन मुलाने किंवा मुलीने लिहिलेली छोटी आज्ञावली हा हिशेब ठेवू शकते.

पेणपासून रेल्वेने थोड्याच अंतरावर असलेल्या रोह्यात निराळीच निकड असते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रोजच्या तपासण्यांचे आकडे जमतात. त्यांचे तक्ते आणि आलेख काढावे लागतात. या दोन्ही कामांसाठी आज सर्वाधिक सोयीची ठरलेली संगणकीय भाषा म्हणजे पायथन. ती विनामूल्य आहे, शिकण्यास सोपी आहे आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही तीच शिकवली जाते. मात्र ती संगणकावर कशी मांडावी, याबाबत नवशिक्यांची हमखास एक चूक होते आणि तिची किंमत ऐन हंगामात मोजावी लागते.

नेमके बिघडते कोठे?

असा प्रसंग कल्पावा. घरात संगणक एकच. मूर्तींच्या हिशेबाची आज्ञावली तीन वर्षांपूर्वी लिहिलेली आणि सुरळीत चालणारी. ती 'पांडाज' या तक्ते हाताळणाऱ्या संग्रहावर उभी आहे. नवी मागणी आली की तक्त्याच्या तळाशी एक ओळ जोडायची, यासाठी तिच्यात 'अपेंड' ही क्रिया वापरलेली आहे. घरातील मुलीला आता महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी त्याच पांडाजची नवी आवृत्ती हवी आहे. ती एका ओळीची आज्ञा देते, नवी आवृत्ती उतरते आणि प्रकल्प चालू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात हिशेब उघडला, की पडद्यावर संदेश येतो : 'डेटाफ्रेम'ला 'अपेंड' नावाचा गुणधर्मच नाही.

येथे कोणी काही मोडलेले नाही. 'अपेंड' ही क्रिया जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या पांडाज १.४ या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवण्यात आली आणि एप्रिल २०२३ मधील २.० आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. पायथनच्या एका मांडणीत एका संग्रहाची एकच आवृत्ती राहू शकते. नवी आली की जुनी जाते. जुन्या आवृत्तीवर विसंबलेली आज्ञावली त्याच क्षणी निराधार होते.

मूर्तिकारांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शाडूची माती आणि प्लॅस्टर एकाच घमेल्यात कालवले जात नाही. दोन्हींचे पाणी वेगळे, सुकण्याचा वेळ वेगळा, हातही वेगळा लागतो. छप्पर एक असले तरी घमेली दोन ठेवावी लागतात. संगणकावरही हेच करायचे असते. प्रत्येक कामासाठी पायथनचा एक स्वतंत्र कप्पा उघडायचा आणि त्या कामाला लागणारे संग्रह त्याच कप्प्यात ठेवायचे. या कप्प्याला आभासी परिसर म्हणतात.

थोडा इतिहास

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संशोधन केंद्रात असताना रचली आणि १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. नाव अजगरावरून नव्हे, तर 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतले आहे. डिसेंबर २००८ मध्ये आलेली पायथन ३ ही मालिका आधीच्या मालिकेशी पूर्णपणे सुसंगत नव्हती. दोन्ही मालिका अनेक वर्षे शेजारी-शेजारी चालत राहिल्या. अखेर १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा आधार संपला. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील पायथन २ चे धडे आज गिरवू नयेत.

स्वतंत्र कप्प्याची कल्पना सर्वमान्य केली ती २००७ साली इयन बिकिंग यांनी लिहिलेल्या 'व्हर्च्युअलएन्व' या साधनाने. तिची उपयुक्तता पटल्यावर २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत 'व्हेन्व' हे साधन भाषेतच समाविष्ट झाले. संग्रह उतरवून घेणारे 'पिप' हे साधन २०१४ पासून, म्हणजे ३.४ आवृत्तीपासून, सोबतच मिळू लागले. त्यामुळे खाली सांगितलेल्या कामासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

योग्य आवृत्तीची निवड

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. ३.१३ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर ३.१४ ही ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. नव्याने शिकणाऱ्याने अलीकडची आवृत्ती घ्यावी. जुनी आज्ञावली सांभाळायची असेल, तर मात्र आवृत्ती त्या आज्ञावलीच्या गरजेनुसार ठरते.

वरील हिशेबाचेच उदाहरण घेऊ. त्याला पांडाज १.५.३ लागते. या आवृत्तीचे तयार संच पायथन ३.८ ते ३.११ यांच्यासाठीच उपलब्ध आहेत. म्हणून तेथे पायथन ३.११ घ्यावे. विंडोजसाठी ३.११ चा शेवटचा तयार मांडणीसंच एप्रिल २०२४ मधील ३.११.९ हा आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या केवळ मूळ संहितेच्या रूपात मिळतात. एका संगणकावर ३.११ आणि ३.१३ या दोन्ही आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदू शकतात.

संगणक फार जुना असेल, तर आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८ ही आहे आणि तिचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. अशा यंत्रावर उबुंटू किंवा डेबियनसारखी लिनक्स प्रणाली बसवणे अधिक हिताचे.

मांडणी, पायरीपायरीने

आता प्रत्यक्ष कृती. पुढील सर्व आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, रोमन अंकांत आणि इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे द्याव्यात. 'व्हेन्व' म्हणजे व्ही-ई-एन-व्ही, 'पिप' म्हणजे पी-आय-पी आणि 'पाय' म्हणजे पी-वाय ही दोनच अक्षरे. आडव्या रेघेपूर्वी मोकळी जागा सोडावी, नंतर सोडू नये.

पहिली पायरी : पायथन डॉट ओआरजी या अधिकृत संकेतस्थळावरूनच मांडणीसंच उतरवावा. विंडोजसाठीचा संच तीस मेगाबाइटच्या आसपास असतो. तो चालू केल्यावर पहिल्याच खिडकीच्या तळाशी 'ॲड पायथन टू पाथ' अशा अर्थाची चौकट दिसते. मुख्य आवृत्ती बसवताना तिच्यावर खूण करावी. ही खूण राहिली, की पुढे 'पायथन' असे टाइप केल्यावर आज्ञा सापडत नाही किंवा मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते आणि नवशिका गोंधळतो.

दुसरी पायरी : 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पाय --लिस्ट' ही आज्ञा द्यावी. येथे दोन आडव्या रेघा लागतात. संगणकावरील सर्व पायथन आवृत्त्यांची यादी दिसते. तिच्यात ३.११ दिसली, की मांडणी नीट झाली असे समजावे.

तिसरी पायरी : हिशेबासाठी 'हिशेब' या नावाचा फोल्डर करावा. नाव रोमन लिपीत आणि मोकळ्या जागेविना असलेले बरे. 'सीडी' या आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जावे आणि 'पाय -३.११ -एम व्हेन्व परिसर' ही आज्ञा द्यावी. काही क्षणांत 'परिसर' नावाचा नवा फोल्डर तयार होतो. हाच तो स्वतंत्र कप्पा.

चौथी पायरी : कप्प्यात शिरण्यासाठी 'परिसर\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट' ही आज्ञा द्यावी. लिनक्सवर हीच आज्ञा 'सोर्स परिसर/बिन/ॲक्टिव्हेट' अशी असते. ओळीच्या आरंभी कंसात 'परिसर' हे नाव उमटते. ते उमटल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक घोटाळे या एका खुणेकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

पाचवी पायरी : आता संग्रह उतरवावेत. आज्ञा अशी : 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज==१.५.३ नमपाय==१.२६.४ ओपनपायएक्सएल'. नावापुढील दोन बरोबर-चिन्हे म्हणजे 'हीच आवृत्ती, दुसरी नको' असा स्पष्ट आदेश.

या आज्ञेतील 'नमपाय' वगळले तर काय होईल, हे पाहण्याजोगे आहे. पांडाजला आतून नमपाय हा आकडेमोडीचा संग्रह लागतोच. आवृत्ती सांगितली नाही, तर पिप त्याची उपलब्ध असलेली ताजी आवृत्ती आणते. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने अंतर्गत रचना बदलली. त्याआधी तयार झालेला पांडाजचा संच तिच्याशी जुळत नाही आणि आज्ञावली पहिल्याच ओळीला बंद पडते. म्हणजे मुख्य संग्रहाची आवृत्ती बांधून घेणे पुरेसे नाही. त्याच्या आधाराला असलेल्यांचीही आवृत्ती बांधावी लागते.

सहावी पायरी : काम संपल्यावर 'डीॲक्टिव्हेट' म्हणून बाहेर यावे. मुलीच्या प्रकल्पासाठी दुसरा फोल्डर करून तेथे 'पाय -३.१३ -एम व्हेन्व परिसर' ही आज्ञा द्यावी आणि हव्या त्या नव्या आवृत्त्या उतरवाव्यात. दोन्ही फोल्डरांतील कप्प्यांची नावे सारखी असली तरी बिघडत नाही. एकातील बदल दुसऱ्याला लागत नाही.

रोह्याच्या प्रवाशांना ही व्यवस्था परिचित वाटेल. मुंबईकडून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग रोह्यापर्यंत येतो आणि तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रूळ तेच, रुंदी तीच, गाडीही तीच. कारभार मात्र वेगळा, वेळापत्रकाची जबाबदारी वेगळी. दोन कप्प्यांखाली संगणक एकच असतो. त्यांच्यातील संग्रहांचा कारभार तेवढा वेगळा होतो.

चार ओळींची यादी

कप्पा तयार झाला आणि हिशेब चालला, की लगेच आणखी एक आज्ञा द्यावी : 'पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी'. कप्प्यातील प्रत्येक संग्रहाचे नाव आणि नेमकी आवृत्ती एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिली जाते. ही फाइल एखाद्या पोस्टकार्डावर मावेल एवढी असते, पण तिचे मोल मोठे आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले. जिल्ह्यात वीज आणि दूरध्वनी ठप्प झाले, घरांची छपरे उडाली. कुंडलिकेला पूर येणे रोहेकरांना नवे नाही. ओल लागून किंवा विजेच्या झटक्याने संगणक निकामी होणे ही कोकणातील पावसाळ्यातील नित्याची भीती आहे. अशा वेळी नवा संगणक आणल्यावर काय लागते? हिशेबाची आज्ञावली, हिशेबाचे तक्ते आणि ही यादी. कप्पा स्वतः जपून ठेवण्याची गरज नाही. नव्या यंत्रावर पायथन ३.११ बसवून रिकामा कप्पा करावा, त्यात शिरावे आणि 'पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' असे म्हणावे. जुना परिसर जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून आज्ञावली, तक्ते आणि यादी या तीन गोष्टींची प्रत पेनड्राइव्हवर आणि शक्य तर दुसऱ्या गावी असलेल्या नातलगाकडेही ठेवावी.

इंटरनेट क्षीण असेल तेव्हा

पेण आणि रोहे तालुक्यांच्या डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांत इंटरनेटचा वेग सर्वत्र सारखा नाही. पांडाज आणि नमपाय उतरवून उलगडल्यावर कप्पा शंभर मेगाबाइटच्या पुढे जातो. अशा ठिकाणी शहरातील मित्राच्या संगणकावर 'पायथन -एम पिप डाउनलोड -डी शिदोरी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' ही आज्ञा द्यावी. 'शिदोरी' नावाच्या फोल्डरात सारे संच जमा होतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन गावी यावे आणि कप्प्यात शिरून 'पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स शिदोरी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' असे म्हणावे. इंटरनेटला हातही लागत नाही. अट एवढीच, की दोन्ही संगणकांवरील प्रणाली आणि पायथनची आवृत्ती एकच असावी. विंडोजसाठी बांधलेली शिदोरी लिनक्सवर उपयोगी पडत नाही.

मराठी नावांचा प्रश्न

ग्राहकांची नावे मराठीत लिहायची असतील, तर पायथन ३ त्यासाठी मुळातूनच सज्ज आहे. तिच्यातील सर्व मजकूर युनिकोडमध्ये असतो. चलांची नावेही देवनागरीत ठेवता येतात. तक्त्यात '१२३' असे मराठी अंक मजकूर म्हणून आले, तरी 'इंट' ही क्रिया त्यांचे संख्येत रूपांतर करते. मात्र आज्ञावलीत थेट संख्या लिहिताना रोमन अंकच वापरावे लागतात.

दोन बाबतींत सावध राहावे. पहिली, पायथन अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. 'पेण' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, पण पायथन त्याची लांबी तीन सांगते, आणि 'रोहा' या शब्दाची चार. कारण मात्रा व काना यांची गणना स्वतंत्र होते. त्यामुळे छापील पावतीत स्तंभ नीट जुळवताना चूक होऊ शकते. दुसरी, फाइल उघडताना व लिहिताना 'यूटीएफ-८' ही संकेतनपद्धती नेहमी स्पष्ट सांगावी. एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्ही फाइलीसाठी 'यूटीएफ-८-सिग' वापरावी, नाहीतर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने तक्ते असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे लागतात.

हे टाळावे

तयार कप्पा एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलवू नये. त्याच्या आत मूळ जागेचे पत्ते कोरलेले असतात. तो हलवला, की बिघडतो. जागा बदलायची झाल्यास यादीवरून नवा कप्पा करावा.

हिशेबाचे तक्ते कप्प्याच्या आत ठेवू नयेत. कप्पा ही केव्हाही पुसून पुन्हा बांधण्याची वस्तू आहे. एखाद्या दिवशी त्याच्याबरोबर वर्षाचा हिशेबही पुसला जायचा.

लिनक्सवर प्रणालीच्या स्वतःच्या पायथनमध्ये संग्रह भरू नयेत. प्रणालीची अनेक अंतर्गत कामे त्याच पायथनवर चालतात. २०२३ मध्ये आलेल्या उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून पिप अशा प्रयत्नाला सरळ नकार देते. तो नकार बळजबरीने मोडण्याचे उपाय सुचवले जातात, ते करू नयेत. तेथे 'पायथन३-व्हेन्व' हा संच बसवून स्वतंत्र कप्पा करावा.

संग्रहाचे नाव टाइप करताना प्रत्येक अक्षर तपासावे. प्रसिद्ध संग्रहांच्या नावांशी साधर्म्य असलेली, एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेली घातक आज्ञावल्यांची नावे यापूर्वी वारंवार आढळली आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आभासी परिसर म्हणजे तिजोरी नव्हे. तो संग्रहांची सरमिसळ टाळतो. त्यातील आज्ञावली मात्र संगणकावरील इतर फाइली वाचू शकते, पुसूही शकते. विषाणूंपासून संरक्षण हे त्याचे काम नाही.

अन्य साधने

वैज्ञानिक कामासाठी २०१२ पासून उपलब्ध असलेले 'कोंडा' हे साधन पायथनखेरीज इतर घटकही कप्प्यात ठेवते. प्रयोगशाळांना ते सोयीचे पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले 'यूव्ही' हे साधन अतिशय वेगवान आहे आणि हवी ती पायथन आवृत्तीही स्वतःच आणते. दोन्ही चांगली आहेत. परंतु नवशिक्याने आधी 'व्हेन्व' शिकावे. ते पायथनसोबतच येते आणि त्याची कल्पना समजली, की बाकीच्या साधनांत केवळ आज्ञा बदलतात.

हंगामी व्यवसायासाठी अखेरीस एक पथ्य सांगावेसे वाटते. हिशेबाच्या आज्ञावलीत सुधारणा करायची असेल, तर ती अनंतचतुर्दशीनंतर, कारखान्यात निवांतपणा असताना हाती घ्यावी. तेव्हाही चालू कप्प्याला हात न लावता, आज्ञावलीची आणि तक्त्यांची प्रत दुसऱ्या फोल्डरात घेऊन तेथे नवा कप्पा बांधावा. नवी आवृत्ती तेथे गेल्या वर्षीच्या मागण्यांवर चालवून पाहावी आणि जुन्या बेरजांशी ताडून घ्यावी. दोन्ही बेरजा जुळल्या, तरच पुढच्या श्रावणात नव्या कप्प्यावर काम सुरू करावे, आणि तोवर जुना कप्पा जागच्या जागी राहू द्यावा.